पाषाणाचा उपासक : शिल्पकार कोरचाक झिओल्कोवस्की

पन्नास वर्षांचा काळ माणसाच्या आयुष्यात मोठा, संस्थेच्या आयुष्यात मध्यम आणि दगडाच्या आयुष्यात क्षणाएवढा असतो. दि. ३ जून १९९८ रोजी अमेरिकेतील साऊथ डाकोटा राज्यात, ब्लॅक हिल्स नावाच्या डोंगररांगेत, एका शिल्पाचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, दि. ३ जून १९४८ रोजी, त्या डोंगराला पहिला सुरुंग लागला होता. या पन्नास वर्षांत शिल्प पुरे झाले होते काय? नाही. पुरा झाला होता तो केवळ चेहरा. पण तो चेहरा साडेसत्त्याऐंशी फूट उंचीचा होता. श्रवणबेळगोळ येथील भगवान बाहुबलींची विशाल मूर्ती सुमारे ५७ फूट उंच आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्यावरून या कामाच्या विस्ताराची कल्पना यावी. संपूर्ण शिल्पाची योजना तर ५६३ फूट उंच आणि ६४१ फूट लांब अशी आहे.

ज्याने हे काम आरंभिले तो शिल्पकार मात्र या सोहळ्यास उपस्थित नव्हता. सोळा वर्षांपूर्वीच त्याने देह ठेवला होता व त्याच डोंगराच्या पायथ्याशी, स्वतः खडकात करून ठेवलेल्या समाधीत तो विसावला होता. कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढलेल्या, कोणत्याही गुरूकडे शिल्पकला न शिकलेल्या त्या माणसाचे नाव कोरचाक झिओल्कोवस्की. आपल्या हयातीत पुरे होणार नाही हे पक्के ठाऊक असलेले काम त्यांनी हाती घेतले आणि चौतीस वर्षे ते एक दिवसही सोडले नाही. अशा या कर्मयोग्याची जीवनकथा जितकी उद्बोधक, तितकीच विचारात टाकणारी आहे.

अनाथ बालपण

कोरचाक यांचा जन्म दि. ६ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी झाला. आईवडील पोलंडहून आलेल्या घराण्यातले. मूल अवघे एक वर्षाचे असताना मातापित्यांचे छत्र हरपले. मागे कोणी सांभाळणारे नव्हते. मग एका घरातून दुसऱ्या घरी, दुसऱ्यातून तिसऱ्या, असे परक्यांच्या आश्रयाने बालपण गेले. ज्या घरी ते अधिक काळ राहिले, तेथील पालक मुष्टियुद्ध खेळणारा, स्वभावाने कठोर असा गृहस्थ होता. त्याच्या हाताखाली या मुलाने लहानपणीच अंगमेहनतीची जड कामे केली. मार खाल्ला, अपमान सोसला. परंतु अवजार कसे धरावे, ओझे कसे उचलावे, बांधकामाची हत्यारे स्वतः कशी घडवावीत, हे ज्ञानही तेथेच मिळाले. पुढे जेव्हा सारा डोंगर एकट्याने फोडायची वेळ आली, तेव्हा हेच शिक्षण उपयोगी पडले.

सोळाव्या वर्षापासून ते स्वतःच्या कमाईवर उभे राहिले. केंब्रिज गावातील एका तंत्रशाळेत त्यांनी स्वकष्टाने काही शिक्षण घेतले. नंतर बोस्टनच्या गोदीत जहाजांचे लाकडी साचे करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केली. धातूचे ओतकाम करण्यापूर्वी त्या भागाची लाकडात हुबेहूब प्रतिकृती करावी लागते. हे काम सुताराचे असले तरी त्यास मापाची अचूकता सोनाराची लागते. कोरचाक यांची नजर आणि हात येथे तयार झाले. फावल्या वेळी ते लाकडी सामान घडवीत. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी महोगनी लाकडाचे ५५ तुकडे जुळवून, माणसाहून उंच असे एक लंबकाचे घड्याळ स्वतःच्या हाताने तयार केले होते.

या मुलाच्या आयुष्यास वळण लावणारे एक सत्पुरुष याच काळात भेटले. बोस्टनच्या बालन्यायालयाचे न्यायाधीश फ्रेडरिक पिकरिंग कॅबट हे अनाथ व वाट चुकलेल्या मुलांबद्दल कळवळा बाळगणारे गृहस्थ होते. या पोरक्या मुलाच्या हातातील कसब त्यांनी ओळखले. उत्तम चित्रे, शिल्पे, संगीत, ग्रंथ यांची ओळख त्यांनी त्याला करून दिली आणि तू कलावंत होऊ शकतोस, हा विश्वास त्याच्या मनात रुजविला. न्यायाधीश कॅबट १९३२ मध्ये निवर्तले. कोरचाक यांनी संगमरवरात केलेले पहिले व्यक्तिशिल्प याच उपकारकर्त्याचे होते. पैशाने फेडता न येणारे ऋण त्या तरुणाने छिन्नीने फेडले.

स्वयंशिक्षित शिल्पकाराचा उदय

नोकरी सोडून केवळ शिल्पकलेवर निर्वाह करण्याचा निर्णय त्या मंदीच्या दिवसांत धाडसाचाच होता. कोरचाक कनेक्टिकट राज्यातील वेस्ट हार्टफर्ड या गावी स्थायिक झाले. बोस्टन, न्यूयॉर्क व आसपासच्या भागांतून त्यांना हळूहळू कामे मिळू लागली. शरीरशास्त्र, प्रमाण, दगडाची जात, त्याची नस, त्याची भेग, हे सारे त्यांनी काम करता करताच शिकून घेतले. हात चुकला की दगड वाया जाई, आणि त्या नुकसानातून पुढचा धडा मिळे. व्यापारात जसे तोट्यातून शिकलेला धडा कधी विसरत नाही, तसेच हे होते.

१९३९ साली न्यूयॉर्क येथे जागतिक प्रदर्शन भरले. कोरचाक यांनी पोलंडचे थोर पियानोवादक व माजी पंतप्रधान इग्नासी पादेरेव्स्की यांचे संगमरवरी मस्तक त्या प्रदर्शनात ठेवले होते. प्रेक्षकांच्या मतदानात या शिल्पाला पहिले पारितोषिक मिळाले. ज्याला कोणी शिकविले नाही अशा एकतीस वर्षांच्या तरुणाचे नाव वर्तमानपत्रांतून देशभर गेले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात थोडे दिवस त्यांनी ब्लॅक हिल्समध्येच, रशमोर पर्वतावर, ज्येष्ठ शिल्पकार गुट्झॉन बोरग्लम यांचे साहाय्यक म्हणून काम केले. वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट व लिंकन या चार राष्ट्राध्यक्षांची प्रत्येकी साठ फूट उंचीची मस्तके तेथे कोरली जात होती. बोरग्लम यांच्या पुत्राशी खटका उडाल्यामुळे कोरचाक यांचे ते काम लवकरच सुटले. परंतु पर्वत कोरता येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

वेस्ट हार्टफर्डला परतल्यावर त्यांनी त्या गावात जन्मलेले कोशकार नोहा वेब्स्टर यांचा पुतळा करण्याचे योजिले. टेनेसी राज्यातून आणलेल्या ३२ टनांच्या संगमरवरी शिळेतून साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा नगरभवनाच्या हिरवळीवरच, सर्वांच्या डोळ्यांदेखत, १९४१-४२ मध्ये कोरला गेला. कोरचाक उघड्या अंगाने काम करतात, रविवारचा धार्मिक दिवसही पाळत नाहीत, म्हणून गावातील काही प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. कोरचाक यांनी कोणाची पर्वा केली नाही. पुतळा पुरा करून त्यांनी तो गावाला भेट दिला. ज्या तरुण मुलामुलींनी त्यांना या कामी विनामूल्य मदत केली, त्यांत रूथ रॉस नावाची एक शाळकरी मुलगी होती. तिचे नाव या कथेत पुन्हा येणार आहे.

एका सरदाराचे पत्र

१९३९ सालच्या अखेरीस कोरचाक यांना एक पत्र आले. लिहिणारे होते लाकोटा जमातीचे सरदार हेन्री स्टँडिंग बेअर. लाकोटा म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, ज्यांना आपल्याकडे पूर्वी रेड इंडियन म्हणत त्यांपैकी, एक शूर जमात. रशमोरवर गोऱ्या लोकांच्या थोर पुरुषांची शिल्पे होत आहेत; आमच्याही जमातीत थोर वीर होऊन गेले, हे जगाला कळावे अशी आम्हा सरदारांची इच्छा आहे; तरी आमच्या क्रेझी हॉर्सचे शिल्प तुम्ही करावे, असा त्या पत्राचा आशय होता.

हा क्रेझी हॉर्स कोण, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. त्याचे मूळ नाव ताशुंके वित्को. जन्म सुमारे १८४० चा. १८६८ च्या फोर्ट लॅरामी तहान्वये ब्लॅक हिल्सचा प्रदेश लाकोटांचा राहील, असे अमेरिकन सरकारने मान्य केले होते. हे डोंगर त्या जमातीस अत्यंत पवित्र. परंतु १८७४ मध्ये तेथे सोने सापडल्याची वार्ता पसरली आणि तहाचा कागद कागदच राहिला. सोन्यासाठी लोकांच्या झुंडी आल्या व पाठोपाठ सैन्य आले. दि. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी झालेल्या लढाईत लाकोटा व त्यांच्या मित्र जमातींनी सेनाधिकारी कस्टरच्या तुकडीचा पूर्ण पराभव केला. त्या विजयाच्या वीरांत क्रेझी हॉर्स अग्रभागी होता. पण पुढच्या हिवाळ्यात उपासमारीने लोक मरू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी त्याने मे १८७७ मध्ये शस्त्र खाली ठेवले. चारच महिन्यांनी, सप्टेंबर १८७७ मध्ये, फोर्ट रॉबिन्सन येथे त्याला कैद करण्याच्या झटापटीत एका शिपायाने संगीन खुपसली व त्याचा अंत झाला. त्याने कधी आपले छायाचित्र काढू दिले नाही, असे सांगतात. त्याचे दफन कोठे झाले हेही कोणास ठाऊक नाही.

अशा वीराचे शिल्प करावयाचे, ते कोणत्या चेहऱ्यावरून? कोरचाक पाइन रिज येथील लाकोटा वस्तीत गेले. वृद्धांच्या तोंडून त्यांनी त्या वीराच्या कथा ऐकल्या आणि ठरविले की, हे एका व्यक्तीचे हुबेहूब चित्र नसून एका समाजाच्या स्वाभिमानाचे प्रतीक असेल. तुझी भूमी आता कोठे राहिली, असे एका गोऱ्या माणसाने हिणविले असता, जेथे माझे पूर्वज विसावले आहेत ती भूमी माझी, असे उत्तर क्रेझी हॉर्सने दिले, अशी आख्यायिका आहे. तोच प्रसंग त्यांनी निवडला. घोड्यावर बसलेला वीर डावा हात पुढे करून आपल्या भूमीकडे बोट दाखवीत आहे, अशी प्रतिमा त्यांनी मातीत घडविली.

परंतु तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले. चौतीस वर्षांचे कोरचाक स्वेच्छेने सैन्यात गेले. नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर ते उतरले व १९४४ मध्ये जखमी झाले. युद्ध संपल्यावर युरोपात युद्धस्मारके करण्याचे सन्मानाचे काम त्यांना देऊ करण्यात आले होते. त्यात मान होता, धन होते, वेळेवर मिळणारा मोबदला होता. कोरचाक यांनी ते नाकारले व स्टँडिंग बेअर यांना होकार कळविला.

१७४ डॉलर आणि एक डोंगर

दि. ३ मे १९४७ रोजी कोरचाक ब्लॅक हिल्समध्ये येऊन दाखल झाले. खडकाच्या दृष्टीने त्यांना वायोमिंग राज्यातील दुसरी पर्वतरांग अधिक पसंत होती. पण लाकोटा सरदारांचा आग्रह आपल्या पवित्र ब्लॅक हिल्ससाठी होता, तो त्यांनी मानला. रशमोरपासून सुमारे २७ किलोमीटरवर असलेला थंडरहेड नावाचा डोंगर निश्चित झाला. वय चाळिशीला आलेले, शिल्लक अवघी १७४ डॉलर. पहिले सात महिने ते तंबूत राहिले. नंतर लाकडाचे ओंडके स्वतः तोडून त्यांनी राहते घर व कार्यशाळा बांधली.

दि. ३ जून १९४८ रोजी पहिला सुरुंग उडाला. त्या दिवशी दहा टन दगड निखळला. या समारंभास लिटल बिगहॉर्नच्या लढाईतून वाचलेले पाच वृद्ध जातीने हजर होते. बहात्तर वर्षांपूर्वीची ती लढाई ज्यांनी पाहिली, ते या शिल्पाचा पहिला दगड पडतानाही पाहत होते. त्याच दिवशी कोरचाक यांनी संकल्प सोडला की, हे काम नफ्यासाठी नसेल, त्यातून मूळ रहिवाशांच्या शिक्षणाचे व सेवेचे कार्य उभे राहील आणि सरकारी तिजोरीतील एक पैसाही यासाठी घेतला जाणार नाही.

त्यानंतरची पहिली काही वर्षे म्हणजे एका माणसाचे डोंगराशी चाललेले द्वंद्व होते. शिखरावर जाण्यासाठी त्यांनी ७४१ पायऱ्यांचा लाकडी जिना एकट्याने बांधला. जड तुळया, खिळे, हत्यारे सारे पाठीवरून वर नेले. हवेच्या दाबावर चालणारे ड्रिल वर, आणि त्याला हवा पुरविणारा जुना कॉम्प्रेसर खाली पायथ्याशी, अशी व्यवस्था होती. मध्ये लांबच लांब नळ. तो कॉम्प्रेसर इतका जुनाट की मध्येच बंद पडे. मग ड्रिल ठेवून ७४१ पायऱ्या उतरायच्या, यंत्र सुरू करायचे आणि पुन्हा ७४१ पायऱ्या चढायच्या. एका दिवशी तर त्यांना अशा नऊ खेपा कराव्या लागल्या. हिशेब केला तर केवळ चढणेच साडेसहा हजारांवर पायऱ्यांचे होते, आणि तेवढेच उतरणे. हा सारा दिवस दगड फोडण्यासाठी नव्हे, तर यंत्र चालू ठेवण्यासाठी गेला.

पुढे त्यांनी डोंगराच्या अंगावर पांढऱ्या रंगाने शिल्पाची बाह्यरेषा रेखाटली. दूरवरून येणाऱ्या प्रवाशांना प्रथमच काय होणार आहे याची कल्पना आली. पाहणाऱ्यांतील कित्येक हसत. एवढ्या मोठ्या डोंगरावर एकटा माणूस मुंगीएवढा दिसे.

संसार आणि साधना

कोरचाक यांचा पहिला विवाह टिकला नाही. वेब्स्टरच्या पुतळ्यास साहाय्य करणारी रूथ रॉस आता तरुण झाली होती. डोंगराच्या कामात मदत करण्यासाठी स्वयंसेविका म्हणून ती ब्लॅक हिल्समध्ये आली होती. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये या दोघांचा विवाह झाला. हे शिल्प प्रथम, संसार नंतर, अशी कोरचाक यांची स्पष्ट अट होती. रूथबाईंनी ती हसतमुखाने स्वीकारली. त्यांना दहा अपत्ये झाली, पाच पुत्र आणि पाच कन्या. शाळा दूर असल्याने एका खोलीची शाळाच डोंगरापाशी आणून शिक्षिका नेमण्यात आली.

सरकारी मदत नाही, धनिकांचा मोठा आश्रय नाही. मग खर्च चालला कसा? कोणाही व्यापाऱ्याच्या मनात प्रथम हाच प्रश्न येईल. कोरचाक यांनी दूधदुभत्याचा व्यवसाय उभारला, लाकूड कापण्याची गिरणी चालविली. पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले आणि छोट्या देणग्या स्वीकारल्या. मुले पहाटे गायींची धार काढीत, गिरणीत ओंडके ओढीत, मोठी झाल्यावर डोंगरावर यंत्रे चालवीत. मिळालेला पैसा डोंगरात जाई. स्वतःसाठी कोरचाक यांनी कधी पगार घेतला नाही. अधूनमधून ते अन्य शिल्पेही करीत. १९५१ मध्ये डेडवूड या गावासाठी वाइल्ड बिल हिकॉक याचे, तर १९५३ मध्ये मोब्रिज गावाजवळ लाकोटांचे दुसरे थोर सरदार सिटिंग बुल यांच्या समाधिस्थानी त्यांचे ग्रॅनाइटमधील शिल्प त्यांनी केले.

आणि मग मोहाचा क्षण आला. केंद्र सरकारच्या वतीने या कामासाठी एक कोटी डॉलर देऊ करण्यात आले. एकदा नव्हे, दोनदा. त्या पैशात शेकडो कामगार लावता आले असते, नवी यंत्रे घेता आली असती, आणि कदाचित कोरचाक यांच्या डोळ्यांदेखत शिल्प पुष्कळ पुढे गेले असते. त्यांनी दोन्ही वेळा नकार दिला. सरकारचा पैसा आला की सरकारचा अंमल येईल. शिल्प अर्धवट राहील व त्याबरोबर योजिलेले शैक्षणिक व सेवाकार्य बाजूला पडेल, अशी त्यांची धारणा होती. शिवाय ज्या सरकारने तह मोडून हे डोंगर घेतले, त्याच सरकारच्या पैशाने त्या अन्यायाची आठवण कशी कोरावी, ही विसंगतीही कोणाच्या नजरेतून सुटण्यासारखी नव्हती.

वर्षामागून वर्षे गेली. एका ड्रिलच्या जागी मोठी यंत्रे आली, डोंगरावर वीज आली, मुलगे हाताशी आले. पण शरीराने त्याची किंमत वसूल केली. हाडे मोडली, पाठीच्या कण्यावर चार वेळा शस्त्रक्रिया झाल्या, मधुमेह जडला, हृदयविकाराचे झटके आले. १९८२ मध्ये हृदयावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. तोपर्यंत सत्तर लाख टनांहून अधिक दगड त्यांनी डोंगरावरून हलविला होता. आणि तरीही, खाली उभ्या असलेल्या प्रवाशाला त्यात ना घोडा नीट दिसत होता ना स्वार. चौतीस वर्षे खपून त्यांनी केले ते एवढेच की, ज्या दगडात शिल्प नव्हते तो दगड बाजूला केला.

दि. २० ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, कोरचाक झिओल्कोवस्की यांचे निधन झाले. डोंगराच्या पायथ्याशी मुलांच्या मदतीने खडकात करून ठेवलेल्या समाधीत त्यांना ठेवण्यात आले. तिच्या दारावरील पोलादी अक्षरेही त्यांनी आपल्या हाताने कापून ठेवली होती. जाण्यापूर्वी त्यांनी रूथबाईंना सांगितले होते की, काम चालू ठेवा, पण घाई करू नका. सावकाश करा म्हणजे ते नीट होईल.

वारसा

अशा प्रसंगी बहुतेक कामे कर्त्याबरोबर संपतात. येथे तसे झाले नाही, कारण कोरचाक यांनी मागे केवळ इच्छा ठेवली नव्हती. मापे ठेवली होती. शिल्पाच्या चौतीसपट लहान आकाराची सोळा टनांची पांढरी प्रतिकृती त्यांनी करून ठेवली होती. त्याखेरीज पतिपत्नीने मिळून तपशीलवार मापांच्या तीन वह्या तयार केल्या होत्या. प्रतिकृतीवरचे प्रत्येक माप चौतीसपट करून डोंगरावर उतरवायचे, हा त्यातला मूळ हिशेब. कर्ता गेला तरी दुकान चालावे म्हणून चोपड्या जशा लख्ख ठेवाव्यात, तशाच या वह्या होत्या.

रूथबाईंनी सूत्रे हाती घेतली व एक महत्त्वाचा बदल केला. कोरचाक यांचा विचार आधी घोड्याचे मस्तक करण्याचा होता. रूथबाईंनी स्वाराचा चेहरा आधी घ्यावा असे ठरविले. चेहरा लहान होता, लवकर झाला असता, आणि तो दिसू लागला की लोकांचा विश्वास वाढला असता. झालेही तसेच. सुरुंग, ड्रिल आणि अखेरीस ज्योतीने खडक गुळगुळीत करण्याचे तंत्र वापरून ३ जून १९९८ रोजी तो चेहरा जगासमोर आला. दहापैकी सात मुले या कार्यात आईसोबत राहिली. रूथबाई दि. २१ मे २०१४ रोजी, ८७ व्या वर्षी निवर्तल्या. त्यानंतरही पुढे केलेला हात व घोड्याची आयाळ यांवर काम चालू राहिले.

शिक्षणाचा संकल्पही वाढला. मूळ रहिवाशांच्या वस्तूंचे संग्रहालय तेथे उभे राहिले. १९७८ मध्ये मूळ रहिवासी विद्यार्थ्यांसाठी पहिली शिष्यवृत्ती दिली गेली, ती होती केवळ २५० डॉलरची. पुढे या शिष्यवृत्त्यांची एकूण रक्कम वीस लाख डॉलरांच्या पुढे गेली. डोंगराच्या पायथ्याशी विद्यार्थ्यांचे वसतिगृह व उन्हाळी महाविद्यालयीन वर्गही सुरू झाले.

एक न सुटलेला प्रश्न

कोरचाक यांचे चरित्र केवळ स्तुतीने पुरे करणे हे त्यांच्याशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या समाजाच्या गौरवासाठी हे शिल्प आहे, त्या लाकोटा समाजातीलच अनेकांचा त्यास विरोध राहिला आहे. त्यांचे म्हणणे असे की, ब्लॅक हिल्स हे आमचे देवस्थान. देवस्थानाला सुरुंग लावून त्यात कोणाचेही शिल्प करणे ही विटंबनाच होय. ज्या वीराने आपली छबी कधी काढू दिली नाही, त्याची एवढी प्रचंड प्रतिमा उभारणे हे त्याच्या इच्छेविरुद्ध आहे. एका सरदाराने निमंत्रण दिले, पण त्या वीराच्या साऱ्या आप्तांना विचारले गेले नाही, अशीही तक्रार आहे. काम फार संथ चालते व कारभार एकाच कुटुंबाच्या हाती राहिला, असेही टीकाकार म्हणत आले.

या आक्षेपांचे वजन कमी लेखता येत नाही. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्स अन्यायाने घेतले गेले हे मान्य करून दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर केली. लाकोटा व त्यांच्या बांधव जमातींनी ती रक्कम घेतली नाही. आम्हांस पैसे नकोत, आमचे डोंगर हवेत, असे त्यांनी सांगितले. ही मंडळी धनाढ्य नव्हेत. त्यांच्या वस्त्या अमेरिकेतील अत्यंत गरीब भागांत मोडतात. म्हणजे एकाच डोंगररांगेसाठी सरकारी धन दोघांनी नाकारले. शिल्पकाराने एक कोटी नाकारले, आणि डोंगराच्या मूळ धन्यांनी दहा कोटी. दोघांच्याही नकारामागे एकच भावना होती, ती म्हणजे काही गोष्टींचे मोल पैशात होत नाही. परंतु त्या डोंगराचे करायचे काय, याविषयी मात्र त्यांच्यात एकमत झाले नाही. सद्हेतूने केलेल्या दानाबद्दलही, ज्यास ते द्यायचे त्याचे मन आधी पूर्ण जाणून घ्यावे लागते, हा धडा कोरचाक यांच्या चरित्रात त्यांच्या पराक्रमाइतकाच ठळक आहे.

मात्र त्यांच्या निष्ठेविषयी विरोधकांनाही शंका घेता येणार नाही. आईवडिलांचे नाव मागे नसलेला एक मुलगा एका न्यायाधीशाच्या चार प्रेमळ शब्दांनी कलावंत झाला. कोणी शिकविले नाही म्हणून तो अडला नाही आणि पैसा नाही म्हणून तो थांबला नाही. आयुष्य पुरणार नाही म्हणून त्याने कामाचा आकारही लहान केला नाही. उलट आपल्यानंतर कोणालाही काम पुढे नेता यावे, अशा तऱ्हेने मापे, माणसे आणि हिशेब मागे ठेवून तो गेला. पन्नासाव्या वर्षी जेव्हा चेहरा पुरा झाला, तेव्हा तो कोरचाक यांनी केला की रूथबाईंनी, की मुलांनी, की शुल्क देऊन आलेल्या लाखो सामान्य प्रवाशांनी, हे सांगता येणे शक्य नव्हते. सार्वजनिक कार्य म्हणतात ते यालाच.

डोंगराचे काम अजून बाकी आहे. घोडा अजून खडकातच आहे. पायथ्याच्या समाधीत विसावलेल्या त्या शिल्पकाराला याची खंत वाटली नसती, कारण घाई करू नका असे त्यानेच सांगून ठेवले होते.